उंदरानं जपलं, आपण टिपरमध्ये भरलं

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण पूर्ण वाचा. शेवटी एक काम सांगितलंय आणि त्याला फक्त चार दिवस आहेत.

गेल्या आठवड्यात आपल्या गढीची देवडी आणि पूर्वेचा बुरूज रस्ता रुंदीकरणात गेला. दोन रात्रीत गेला. दिवसा वाहतुकीला अडथळा होतो म्हणे, म्हणून रात्री. दुसऱ्या रात्री मी दोन वाजेपर्यंत तिथं उभा होतो. पोकलेनचा दात भिंतीत घुसला की आतले थर दिसायचे. विटा, राख, चुना, पुन्हा राख. हॅलोजनच्या उजेडात क्षणभर दिसायचे आणि पुढच्या खेपेला टिपरमध्ये जायचे. मी एकतीस टिपर मोजले. माती गेली कुठं? बायपासजवळच्या एका मंगल कार्यालयाच्या प्लॉटमध्ये, भराव म्हणून.

मी तिथल्या सुपरवायझरला म्हटलं, भाऊ, दहा मिनिटं थांबा, फोटो तरी काढू द्या. पोरगा चांगला होता, अंगावर आला नाही. म्हणाला, "दादा, मातीच आहे हो."

ही सगळी पोस्ट त्या तीन शब्दांवर आहे.

आता तुम्हाला इंग्लंडमधल्या एका गढीची गोष्ट सांगतो. बर्मिंगहॅमच्या पूर्वेला कोल्सहिल नावाचं छोटं गाव आहे, आपल्या तालुक्यासारखंच. तिथं एका सरदार घराण्याचा जुना वाडा होता. 'होता' म्हणजे जमिनीच्या वर काहीच उरलेलं नव्हतं. शेत, गवत, संपलं. मूळ मालक सर सायमन माँटफर्ट. राजाविरुद्धच्या कटात सापडला म्हणून १४९५ मध्ये त्याला देहदंड झाला आणि जहागीर डिग्बी घराण्याला मिळाली. आपल्याकडे वतनं जप्त होऊन दुसऱ्याला मिळायची, तसंच.

या शेतातून लंडन ते बर्मिंगहॅम वेगवान रेल्वे जायची ठरली. एचएसटू म्हणतात तिला. म्हणजे तिकडेही रुंदीकरणच, फक्त मोठं. मग त्यांनी काय केलं? रूळ टाकायच्या आधी पुरातत्त्वाची माणसं पाठवली. २०१८ मध्ये आकाशातून पाहणी केली, तेव्हा जमिनीखाली काहीतरी आखीवरेखीव आहे अशी खूण दिसली. मग दोनेक वर्षं खणलं.

काय सापडलं? सोन्याचा हंडा नाही. सापडली एक बाग. सोळाव्या शतकाच्या शेवटाची. खडीच्या पायवाटा, फुलझाडांचे वाफे, बसायच्या छत्रीचा पाया, भूमितीत आखलेली तळी. राजवाड्यांच्या बागांशी तुलना करावी अशी बाग, एका आडगावच्या सरदारानं केलेली. रॉबर्ट डिग्बीला आयर्लंडची श्रीमंत बायको मिळाली होती, तेव्हा पैसा आणि मिरवायची हौस दोन्ही आलं असणार.

आणि त्याहून भारी म्हणजे वाड्याची देवडी सापडली. दोन बाजूंना अष्टकोनी बुरूज असलेली. तिच्या दगडांवर सुमारे दोनशे खड्डे. बंदुकीच्या गोळ्यांचे. आजूबाजूच्या मातीत गोळ्याही सापडल्या. इंग्लंडात राजा विरुद्ध संसद असं यादवी युद्ध झालं, त्याची पहिली मोठी लढाई २३ ऑक्टोबर १६४२ ची एजहिलची. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जवळच कर्डवर्थच्या पुलापाशी एक चकमक झाली होती. तिकडचे अभ्यासक म्हणतात, हे खड्डे त्या चकमकीचे असावेत. तसं असेल तर त्या युद्धाच्या अगदी पहिल्या गोळ्यांपैकी काही या देवडीनं छातीवर घेतल्या.

'असावेत' हा शब्द लक्षात ठेवा. इतकं खणून, इतकं मोजूनही ते 'असावेत' म्हणतात. आपल्याकडे एक दगड न उचलता व्हॉट्सॲपवर 'असेच होते' म्हणून सांगतात.

आता विचार करा. त्या देवडीवर एखाद्या रात्री पोकलेन चालला असता तर काय झालं असतं? दोनशे खड्डे असलेले दगड भरावात गेले असते आणि कुणीतरी म्हणालं असतं, दगडच आहेत हो.

मशीनचं निघालंच आहे तर एक मजा सांगतो. ज्याला आपण सरसकट जेसीबी म्हणतो, ती कंपनी त्या भागातलीच. कोल्सहिल वॉरविकशायरमध्ये आणि जेसीबीचा मूळ कारखाना शेजारच्या स्टॅफर्डशायरमध्ये. म्हणजे मशीन त्यांच्याही दारात आहे. ते काही हातात ब्रश घेऊन एकेक ढेकूळ पुसत बसत नाहीत. वरचा मातीचा थर ते मशीननंच काढतात. फरक दोनच. एक, बकेटला दात नसतात, सपाट पात्याचं बकेट लावतात, म्हणजे माती उकरली जात नाही, तासली जाते. दोन, मशीनपुढे एक जाणकार माणूस उभा असतो आणि त्यानं हात वर केला की मशीन थांबतं.

दात नसलेलं बकेट आणि हात वर करणारा एक माणूस. एवढ्याला किती कोटी लागतात ते मला कुणीतरी सांगा.

दुसरं उदाहरण. ऑक्सबर्ग हॉल, नॉरफोक परगणा. १४८२ च्या सुमाराचा खंदकवाला वाडा, बेडिंगफेल्ड घराण्याचा. १९५१ मध्ये तो विकला जाऊन पाडला जाणार होता. घरातल्या बायकांनी आपली घरंदारं विकून तो सोडवला आणि पुढच्या वर्षी नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे दिला. तिथं काही वर्षांपूर्वी छपराचं काम निघालं. छत दुरुस्त करायचं म्हणून माळ्याच्या फळ्या उचकल्या. फळ्यांखाली चारपाचशे वर्षांची धूळ. आपल्याकडे काय झालं असतं? घमेली भरून खाली.

तिकडे ती धूळ हातमोजे घालून तपासली. त्यात उंदरांची जुनी बिळं निघाली. उंदरांनी घरटं करायला कापडाच्या चिंध्या ओढून आणल्या होत्या. रेशीम, मखमल, साटीन, दोनशेहून जास्त तुकडे. इंग्लंडच्या सरदारांच्या अंगावरचे कपडे आज संग्रहालयात मोजकेच सापडतात, पण उंदरांनी चिंध्या जपल्या. पंधराव्या शतकातल्या हस्तलिखिताचं एक पान सापडलं, सोन्याची कलाकुसर असलेलं, आणि ते पाहिलं एका बांधकाम कामगारानं, कचऱ्यात. १५६८ चं एक प्रार्थनेचं पुस्तक जवळजवळ अखंड सापडलं, तेही कामगारालाच. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला चॉकलेटचा एक रिकामा खोकाही. आतली चॉकलेटं कुणीतरी चोरून खाल्ली आणि खोका फळीखाली दडवला. तो खोकाही त्यांनी जपून ठेवला.

यातलं मला सर्वांत काय आवडलं सांगू? ते पान कामगाराला दिसलं आणि त्यानं ते टाकून दिलं नाही. त्याला कुणीतरी आधी सांगून ठेवलं होतं की असं काही दिसलं तर थांब, हाक मार. आपल्या गढीवर काम करणारी पोरं बिहारची होती, नांदेडची होती. त्यांनाही डोळे आहेतच की. त्यांना कुणी सांगितलं का, थांबा आणि हाक मारा म्हणून? आणि हाक मारायची तर कुणाला?

इथं आपल्या मोठ्या रोगाकडे येतो. गुप्तधन.

देवडी पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी गावात एकच चर्चा. हंडा सापडला म्हणे. कुणाला, किती, कुठं, काही पत्ता नाही. तिसऱ्या रात्री बॅटऱ्या घेऊन लोक ढिगाऱ्यावर. सकाळी कोपऱ्यात लिंबू आणि फुटलेला नारळ. हसू नका, यात आपलेच शिकलेले लोक होते. आपल्याकडे खोदणं म्हटलं की सोनं, आणि सोनं नसेल तर माती. मधलं काही नाहीच. फुटकं खापर, जळकं धान्य, बांगडीचा तुकडा, चिलीम, जोत्याची वीट, याला आपल्या लेखी किंमत शून्य. पण माणसं कशी जगली हे त्या खापरात असतं. हंड्यात नसतं. हंडा फक्त एवढंच सांगतो की मालक घाबरलेला होता.

आणि सापडलेलं दाखवायला लोक घाबरतात, तेही खरंच आहे. आपल्याकडे गुप्तधनाचा कायदा १८७८ चा आहे, इंग्रजांनी केलेला. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायची. मालकी हक्क कुणी सिद्ध केला नाही तर सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि जागेच्या मालकाला एक हिस्सा, अशी त्यात तरतूद आहे. गावात विचारून बघा, कितीजणांना हे माहीत आहे. माहीत एवढंच की पोलीस येतील आणि चौकीत बसवतील. म्हणून सापडलेलं एक तर वितळतं, नाहीतर विहिरीत जातं.

तेच इंग्रज स्वतःच्या देशात काय करतात? १९९६ मध्ये त्यांनी नवा कायदा केला. खजिना सापडला तर चौदा दिवसांत कळवायचं. संग्रहालयानं तो घेतला तर बाजारभावानं मोबदला मिळतो आणि तो साधारणपणे सापडणारा आणि जागामालक यांच्यात वाटला जातो. आणि खजिना नसलेल्या साध्या वस्तूंसाठी १९९७ पासून वेगळी योजना. जिल्ह्याजिल्ह्यात एक माणूस नेमलेला. शेतकऱ्याला बटण सापडलं, नाणं सापडलं, तर त्याच्याकडे न्यायचं. तो फोटो काढतो, नोंद करतो आणि वस्तू परत देतो. अशा दहा लाखांहून जास्त वस्तूंच्या नोंदी झाल्यात. २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्या जालना जिल्ह्यात असईला वेलिंग्टन आणि शिंदे-भोसल्यांची लढाई झाली. उद्या तिथल्या शेतकऱ्याच्या नांगराला तोफेचा गोळा लागला तर त्यानं तो कुणाकडे न्यायचा? भंगारवाल्याकडेच ना?

आता कमेंटमध्ये काय येणार ते मला पाठ आहे. उत्तरं आधीच देऊन टाकतो.

पहिली कमेंट, "पत्रकार साहेब, तुम्हाला रस्ता नको का?" हवा. त्या वळणावर माझ्या ओळखीतली दोन माणसं गेली आहेत. कोल्सहिलमध्येही रेल्वे थांबवली नाही. खणलं, मोजलं, फोटो काढले, वस्तू उचलल्या आणि जागा रेल्वेला दिली. वाचवता येत नसेल तर निदान नोंदवून सोडायचं, एवढंच तत्त्व आहे. मी गढी वाचवा म्हणत नाहीये. ती वेळ दहा वर्षांपूर्वी होती आणि तेव्हा मीही गप्प होतो, हे कबूल करतो. मी म्हणतोय, मारण्याआधी तिचा जबाब तरी घ्या.

दुसरी कमेंट, "गोऱ्यांचं कौतुक बास." कौतुक नाहीये. त्यांनीही भरपूर पाडलंय. विसाव्या शतकात इंग्लंडात शेकड्यांनी असे वाडे भुईसपाट झाले. क्लंबरचा प्रचंड वाडा १९३८ मध्ये पाडला. २०१८ च्या उन्हाळ्यात तिकडे दुष्काळ पडला, गवत करपलं आणि त्या पाडलेल्या वाड्याच्या भिंतींची रेघ गवतावर उमटली. पाडलं तरी जमीन विसरत नाही. शेवटी १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला पाडलेल्या वाड्यांचं प्रदर्शन भरवावं लागलं, तेव्हा लोकांना लाज वाटली. १९८९ मध्ये लंडनात एका ऑफिसच्या पायात शेक्सपियरच्या काळातलं रोझ नाट्यगृह निघालं आणि ते वाचवायला नट-नट्या रस्त्यावर उतरल्या. पुढच्याच वर्षी नियम आला की बांधणाऱ्यानं आधी पाहणी करायची आणि वास्तू जाणारच असेल तर उत्खननाचा आणि नोंदीचा खर्च त्यानंच करायचा. म्हणजे शहाणपण त्यांच्या रक्तात नव्हतं, लोकांनी बोंब मारली म्हणून आलं. आपण बोंब मारत नाही, एवढाच फरक आहे.

आणि त्या वाड्यांमध्ये आपलाही पैसा आहे बरं का. २०२० मध्ये नॅशनल ट्रस्टनं स्वतःच अहवाल काढला की आपल्या ताब्यातल्या ९३ वास्तूंचा संबंध वसाहती आणि गुलामगिरीशी आहे. कंपनीची नोकरी, नजराणे, लूट, सगळं त्यात आलं. तिकडच्या खासदारांनी, पेपरांनी आकाशपाताळ एक केलं, आमच्या इतिहासाला काळं फासता म्हणून. ओळखीचं वाटतंय ना? पण अहवाल मागे घेतला नाही. नीट खणलं की आपल्याला नको असलेलंही निघतं, आणि तेही लिहून ठेवावं लागतं.

तिसरी कमेंट, "आपल्याकडे तसले तज्ज्ञ कुठायत?" ही मात्र चीड आणणारी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं शिरूर तालुक्यात इनामगावला १९६८ पासून पंधरा वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं, धान्याची कोठारं, घराच्या जमिनीखाली पुरलेली लेकरं, पाण्याचा पाट, असं एक अख्खं गाव त्यांनी मातीतून वाचून काढलं. सोनं शोधत नव्हते ते. रायगडावरही आज वाड्यांची जोती शास्त्रीय पद्धतीनं मोकळी केली जातायत. म्हणजे विद्या आहे, माणसं आहेत. पण संरक्षण आहे ते यादीतल्या वास्तूला. यादीत नसलेल्या तालुक्याच्या गढीला वाली नाही. मी त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी तीन कार्यालयांत फोन केले. पहिल्यानं दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्यानं तिसऱ्याचा आणि तिसऱ्यानं पहिल्याचा.

चौथं, वाघनखं. २०२४ मध्ये त्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्यात आली. मी स्वतः पोरांना घेऊन रांगेत उभा राहिलो, अंगावर काटा आला, खोटं का बोलू? पण ही वाघनखं महाराजांनी वापरलेली तीच का, हे सिद्ध करता येत नाही, असं ते म्युझियम स्वतःच सांगतं. का सिद्ध करता येत नाही? कारण नोंद नाही. ज्याच्याकडे नोंद नाही त्याला पुढे दोनशे वर्षं वाद घालत बसावं लागतं. आणि लंडनहून वस्तू आली की ढोलताशे लावणारे आपण, आपल्या दारातली वस्तू टिपरमध्ये भरताना ताडपत्रीसुद्धा टाकत नाही.

शेवटचं बोलतो.

आपले म्हातारे जमिनीला दोन नावं द्यायचे. काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेताची, पांढरी म्हणजे वस्तीची. वस्तीची माती पांढरी का? पिढ्यान् पिढ्यांची राख, चुना, शेण, पडलेल्या भिंती, सांडलेलं धान्य, सगळं मिसळून तिचा रंग बदलतो. पुरातत्त्ववाले आजही गावाबाहेर पांढरीचं टेकाड दिसलं की थांबतात. म्हणजे माती ही नुसती माती नसते, हे आपल्या भाषेला आधीच माहीत होतं. आपण विसरलो आणि तिला ब्रासमध्ये मोजायला लागलो. त्या सुपरवायझर पोराला मी दोष देत नाही. त्याला पांढरी हा शब्द कुणी शिकवलाच नाही.

आता काम.

गढीची पश्चिम बाजू अजून उभी आहे. मधला चौक, दोन पेवं आणि पायऱ्यांची विहीर. सोमवारपासून त्या बाजूचं काम सुरू होणार आहे. मी अर्ज लिहिलाय. त्यात रस्ता थांबवा असा शब्द कुठेही नाही. मागण्या चारच. पंधरा दिवस द्या. पाडण्याआधी जाणकार माणसाकडून मोजमाप, नकाशा आणि फोटो करून घ्या. जोत्याखाली जाताना दात नसलेलं बकेट लावा आणि तो माणूस मशीनपुढे उभा करा. जे निघेल त्याचा पंचनामा करून ते गावातच, वाचनालयाच्या कपाटात कुलपात ठेवा. अर्ज तहसीलला, नगरपालिकेला आणि पुरातत्त्व खात्याला एकाच दिवशी जाईल, पोच घेऊन.

रविवारी सकाळी आठ वाजता गढीच्या विहिरीपाशी या. अर्जावर सही करायला आणि जे उभं आहे त्याचे फोटो काढायला. मोबाईल, वही आणि मोजायचा टेप आणा. फोटो काढताना शेजारी टेप ठेवा म्हणजे माप कळेल. कुदळ, फावडं आणि तो मेटल डिटेक्टर घरी ठेवा. काहीही उकरायचं नाही, काहीही उचलायचं नाही. शाळेतल्या सरांनी, मॅडमनी नववी-दहावीची पोरं आणली तर फार बरं होईल.

आणि मंगल कार्यालयवाल्या अण्णांना जाहीर विनंती. तुमच्या प्लॉटवर पडलेले ते एकतीस टिपर अजून पसरवू नका. अण्णा, आठ दिवस रोलर फिरवू नका. आम्ही येऊन चाळण लावतो. खापरं निघतील, फार तर एखादी चिलीम. सोनं निघालं तर पहिला फोन तुम्हालाच आणि दुसरा कलेक्टर साहेबांना.

चारशे वर्षांपूर्वीच्या उंदरानं मालकाच्या चिंध्या जपल्या. आपल्याला एक रविवार तरी जमेल ना?

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये शिव्या द्या, पण रविवारी या.